तोम रिम: घरी केलेल्या व्हिएतनामी कोळंबीचे अनुभव

चुलीपाशी: काल लेकीसाठी कॅरॅमल पुडिंग करताना साखर जरा जास्त जळली आणि त्या वासाने थेट सायगॉनचं स्वयंपाकघर आठवलं. दोन वर्षं होतो तिथे. घरमालकीणबाई तोम रिम करायच्या. चमचाभर तेलात साखर, ती कोऱ्या चहाच्या रंगाची झाली की ठेचलेला लसूण, बारके कांदे, मग सालासकट कोळंबी, नुओक माम (मासे मिठात मुरवून काढलेला खारट रस), मिरपूड. वर शहाळ्याचं पाणी घालून चकचकीत होईपर्यंत आटवायचं. मला त्यांची भाषा येत नव्हती. साखर हवी तशी झाली की त्या फक्त माझं मनगट धरायच्या. मागच्या महिन्यात त्या गेल्याचं कळलं. तुम्ही कुणी करता का घरी? लिहा ना.

मीठभाकर: सालासकट? आणि दोरा??

चुलीपाशी: पाठीवर कात्रीने चीर द्यायची, दोरा निघतो, साल राहते. मिशा कापायच्या.

वेंगुर्ल्याची: नुओक माम नव्हतं म्हणून मी सुका जवळा भाजून, भिजवून त्याचं पाणी घातलं. चव निराळी, पण भात कमी पडला!

दूरदेशी: ह्यूस्टनला आहे, इथे व्हिएतनामी दुकानं भरपूर. नुओक मामच्या बाटलीवर घटक वाचा, मासा आणि मीठ एवढेच हवेत. ४० एन वगैरे लिहिलेलं असतं तो नायट्रोजनचा आकडा, जास्त म्हणजे दाट चव. व्हिएतनामच्या फू क्वोक बेटावर ते करायला मांदेलीच्या जातकुळीतले बारके मासे तीन भाग आणि मीठ एक भाग, लाकडी पिंपात वर्षभर मुरवतात. म्हणून वरून मीठ घालू नका, मी घातलं होतं, सगळं फेकावं लागलं. बाईंचं वाचून गलबललं.

आंबटगोड: मी चिंचेचं करते, तोम रांग मे. आपल्या तिखल्याची आठवण येते, फक्त हळद नाही. कुकर झाला, येते परत

मीठभाकर: @वेंगुर्ल्याची जवळा कुठून आणलास? मला मिळाला त्यात वाळूच वाळू.

वेंगुर्ल्याची: आईने पाठवला. चाळणीत चोळून घे आधी, मग भाज.

नवीसून: आत्ता करतेय, साखर काळी झालीय, धूर येतोय, चालेल का?

चुलीपाशी: नाही गं, कडू होईल. ती टाक, नवी घे, आच मंद. रंग आला की लगेच कांदा-लसूण. शहाळ्याचं पाणी ओतताना जरा लांब उभी राहा, उडतं.