मदत हवी आहे: सुबारू डब्ल्यूआरएक्सचा एकच टायर बदलायचाय

न्यू जर्सीत आहे. गाडी 2017 ची, मॅन्युअल, टायर 235/45 आर17. खड्ड्यात एका टायरची साइडवॉल (बाजूची भिंत) फाटली, म्हणजे पंक्चर काढून भागणार नाही. बाकी तिघांचा ट्रेड (टायरवरच्या खाचांची खोली) साधारण 5 मि.मी. उरलाय, नव्याचा 8. घेरात जवळपास 19 मि.मी. तफावत! ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनची ताकद) असल्याने सुबारू ती पाव इंचाच्या आत ठेवायला सांगते, नाहीतर सेंटर डिफरन्शियलवर (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागावर) ताण येतो. दुकानदार अर्थातच म्हणतो, चारही घ्या. त्याच मॉडेलचे जुने टायर पाहिले, पण एकाचीही झीज जुळत नाही. नवा टायर मशीनवर घासून 5 मि.मी.वर आणून देतात म्हणे. जवळपास विचारलं, कुणी करत नाही. गाडी रोज ऑफिसला लागते, ट्रॅकवर नेत नाही. एडिसनपासून तासाभराच्या अंतरात कुणी हे काम करून घेतलंय का, आणि खर्च किती आला?