मदत हवी आहे: व्हिजिटिंग स्कॉलरसाठी पैशांचा पुरावा किती लागतो?

कृष्णाकाठची
परदेशी विद्यापीठात व्हिजिटिंग स्कॉलर म्हणून कोणी गेलंय का? विद्यापीठाचं पत्र आलंय, पण 'फंडिंगचा पुरावा जोडा' म्हणतात. बँक स्टेटमेंट चालेल का? रक्कम किती? शुक्रवारपर्यंत कळवायचंय. प्लीज लवकर.

डीसीकर
कुठला देश, किती महिने, पीएचडी झाली की चालू? काहीच न सांगता काय डोंबल सांगणार.

कृष्णाकाठची
अमेरिका, अर्थात. व्हर्जिनिया. संघर्ष निराकरणाचा विभाग. सहा महिने. पीएचडी झालीय, कॉलेजात शिकवते.

डीसीकर
मग जॉर्ज मेसनचं कार्टर स्कूल असणार.

कृष्णाकाठची
नाव राहू द्या. रकमेचं सांगा.

बाबूराव_निवृत्त
आपल्याकडे २००७ पासून आर. आर. आबांची तंटामुक्ती मोहीम आहे. आमच्या गावात बांधाची भांडणं चावडीवर मिटली. हे शिकायला अमेरिका कशाला?

उप्सालावाली
काका, त्या संशोधनाला चालल्यात. ताई, अमेरिका सोडा, उप्सालाला या. जगभरच्या सशस्त्र संघर्षांची आकडेवारी इथेच ठेवतात.

डीसीकर
त्या यादीत यायला वर्षात लढाईत किमान २५ माणसं मरावी लागतात. ताईंचा विषय तरी विचारा आधी.

कृष्णाकाठची
कृष्णा पाणीवाटप. आणि मला स्वीडन नकोय!!

बेळगावकर
कृष्णा का? अलमट्टी धरणाची पातळी ५२४ मीटरपर्यंत न्यायला कृष्णा पाणीवाटप लवादाने २०१० मध्येच मान्यता दिली, तरी तुमच्याकडे ओरड चालूच. त्यावर लिहा.

शिरोळचा
५१९ वर असताना २०१९ च्या महापुरात आमच्या माळ्यापर्यंत पाणी होतं. आणखी उंची हवी काय?

बेळगावकर
त्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने अलमट्टीला दोष दिलेला नाही. पूररेषेत घरं कोणी बांधली?

शिरोळचा
समिती कोरड्यात बसली होती, आम्ही छपरावर.

डीसीकर
तुमचं वेगळ्या धाग्यावर चालू द्या.
ताई, रक्कम ते विद्यापीठच ठरवतं. प्राध्यापकांना विचारत बसू नका, तिथल्या इंटरनॅशनल ऑफिसला मेल टाका. स्टेटमेंट सहसा चालतं. रजेत पगार चालू राहणार असेल तर कॉलेजच्या लेटरहेडवर तसं लिहून आणा, तोही पुरावाच.
त्याहून महत्त्वाचं, डीएस-२०१९ वर (जे-१ व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) कॅटेगरी कुठली टाकतायत ते बघा. 'रिसर्च स्कॉलर' असेल तर संपल्यावर पुन्हा त्याच कॅटेगरीत जायला २४ महिने थांबावं लागतं, मग तुम्ही तिथे सहा महिनेच का राहिला असेना. 'शॉर्ट टर्म स्कॉलर'ला ती अडचण नाही, पण सहा महिन्यांपुढे मुदतवाढही नाही. विमा दर आजारामागे किमान एक लाख डॉलरचा लागतो. स्वस्तातली प्रवासी पॉलिसी घेऊन फसू नका.

नाशिकची_मावशी
फुलब्राइट फेलोशिपला अर्ज का नाही केलास गं? तिकीट, भत्ता, सगळं मिळतं.

कृष्णाकाठची
त्यांच्या पोस्टडॉक फेलोशिपला पीएचडी गेल्या चार वर्षांतली लागते. माझी जुनी आहे.

डीसीकर
प्राध्यापकांसाठी वेगळी फेलोशिप असते. पण सरकारी पैसा घेतला की दोन वर्षं मायदेशी राहायची अट मागे लागते. आणि शुक्रवारपर्यंत तर ती मिळत नाहीच.

ओरेगॉनचा_पाऊस
विषय पाण्याचा आणि व्हर्जिनिया? कोर्व्हालिसला ओरेगॉन स्टेटमध्ये खास पाणीतंट्यांवरच काम चालतं, आंतरराष्ट्रीय नद्यांचा मोठा डेटाबेस आहे. मी तर म्हणतो रद्द करा आणि इकडे या.

कृष्णाकाठची
काहीही रद्द करणार नाहीये. डीसीकर, धन्यवाद. पण प्राचार्य म्हणतात आधी व्हिसा दाखवा, मग रजा आणि पत्र.

डीसीकर
उलटं आहे. पुराव्याशिवाय डीएस-२०१९ नाही, त्याशिवाय व्हिसाची मुलाखत नाही. तूर्त पगाराचं सोडा, स्वतःच्या एफडीचं बँकेकडून पत्र घ्या.

मीरारोड_बाबा
मुलाला एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) साठी कर्ज कुठल्या बँकेचं घ्यावं? तातडीने हवंय.

कृष्णाकाठची
एफडी माझी आणि मिस्टरांची जॉइंट आहे. चालेल ना? तेही येणारेत, मुलगीही.

डीसीकर
हे आत्ता सांगताय? जे-२ वर (नवरा-मुलांचा व्हिसा) येणाऱ्या प्रत्येकाची वेगळी रक्कम दाखवावी लागते. आजच मेल टाका.