फुकटचा आरटीओएस आणि ओसंडून वाहणारी टाकी

भोसरीकर: काल इथे एकाने लिहिलंय, "अजूनही सुपरलूप (सगळी कामं एकाच चक्रात एकामागून एक) लिहिणाऱ्याने स्वतःला फर्मवेअर इंजिनिअर म्हणवू नये. फ्रीआरटीओएस (आरटीओएस म्हणजे कामं वेळेवर वाटून चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) फुकट आहे, टाका आणि मोकळे व्हा." टाकला होता हो. पंपाचा कंट्रोलर: दोन बटणं, एक रिले, एक मोडबस (उपकरणांची आपसातली बोली). चिप एसटीएम३२एफ१०३, २० केबी रॅम. पाच टास्क (स्वतंत्र चालणारी कामं) केले, स्वतःवरच खूश. मग गिऱ्हाइकाचा फोन, रात्री अकरा वाजता: एलईडी लुकलुकतोय, पंप काही थांबत नाही, टाकी ओसंडून जिन्यावर पाणी. आठवड्यातून एकदाच व्हायचं. तीन आठवडे शोधत होतो. शेवटी सगळं उपटून साधा व्हाइल-वन, म्हणजे तोच सुपरलूप, लिहिला. दोन वर्षं झाली, फोन नाही.

तापकीर_गल्ली: प्रत्येक टास्कला स्टॅक (कामापुरती मेमरी) किती दिला होतात?

भोसरीकर: १२८. उदाहरणात होता तेवढाच. एरर आली की फ्लोट (दशांश आकडा) प्रिंट करायचो.

तापकीर_गल्ली: झालं तर मग. १२८ शब्द, या चिपवर चार बाइटचा एक, म्हणजे ५१२ बाइट. फ्लोटचा प्रिंटएफ तेवढे नाश्त्यालाच खातो. स्टॅक ओव्हरफ्लोची तपासणी २ वर (कडक पातळीवर) ठेवली असतीत तर हुक (गडबड दिसली की आपोआप बोलावलं जाणारं फंक्शन) पहिल्याच दिवशी ओरडला असता. आणि वॉचडॉग (वेळेत किक मिळाली नाही तर चिप रीसेट करणारा टायमर) काय करत होता?

भोसरीकर: टायमर इंटरप्टमधून (ठरलेल्या वेळी हार्डवेअर आपोआप चालवतं तो कोड) किक करायचो. हसा.

तापकीर_गल्ली: हसत नाही, रडतोय. टास्क मेले तरी इंटरप्ट चालूच. नाचता येईना आणि अंगण ओपन सोर्स!

रेंज_नाही: तापकीर, उगाच चढू नका. हुक टास्क बदलतानाच बघतो. शेजारची मेमरी त्याआधीच गेली तर तोही गप्प. शिवाय ईएसपी-आयडीएफमध्ये (ईएसपी३२ चिपचं सॉफ्टवेअर किट) स्टॅकचा हाच आकडा बाइटमध्ये द्यायचा असतो. फंक्शन एक, मापं दोन. पण भोसरीकर, वायफाय, टीएलएस (एन्क्रिप्शन) आणि ओटीए (दुरून अपडेट) एकत्र लूपमध्ये चालवून दाखवा, मी वडापाव देते.

मास्तर८०५१: मूळ दुखणं वेगळंच आहे. ८०५१ चिपवर १२८ म्हणजे १२८ बाइटच असायचे, आणि त्यातला प्रत्येक कुठे आहे हे पोराला माहीत असायचं. आता लायब्ररी ओढायची आणि नशिबाला दोष द्यायचा.

रेंज_नाही: सर, १९८० सालची चिप! व्हायव्हात पीएसडब्ल्यूचे (तिचं स्टेटस रजिस्टर) बिट घोकून घेतलेत, म्यूटेक्स (एका वेळी एकाच टास्कला आत सोडणारं कुलूप) हा शब्द चार वर्षांत कानावर आला नाही. पहिल्या नोकरीत म्यूटेक्सच्या जागी बायनरी सेमाफोर (नुसती खूण देणारा झेंडा) लावला आणि प्रायॉरिटी इन्व्हर्जनमध्ये (महत्त्वाचा टास्क बिनमहत्त्वाच्या मागे अडकणं) दोन महिने गेले. इनहेरिटन्स (कुलूप धरलेल्या टास्कला तात्पुरती वरची प्रायॉरिटी) फक्त म्यूटेक्सला असतो हे कोण सांगणार होतं?

मास्तर८०५१: मॅन्युअल. तेही वाचायला मीच शिकवत होतो, तुम्ही मागच्या बाकावर होतात.

रेंज_नाही: लॅबमध्ये बारा किट, चालू चार. मागच्या बाकावरून तेवढंच दिसायचं.

मास्तर८०५१: किटची मागणी मी दरवर्षी लेखी द्यायचो. त्याचं काय व्हायचं ते मला विचारू नका.

तापकीर_गल्ली: इन्व्हर्जनचं म्हणाल तर १९९७ साली मंगळावर नासाचा पाथफाइंडर (यान) त्यानेच रीसेट होत होता. तिथे व्हीएक्सवर्क्स नावाचा आरटीओएस होता, पैसे मोजलेला. पृथ्वीवरून इनहेरिटन्स चालू केला तेव्हा थांबलं. म्हणजे फुकट-विकतचा प्रश्नच नाही.

भोसरीकर: त्यांच्याकडे नासा होती. माझ्याकडे मी आणि एक एसटी-लिंक (डीबगर), तोही क्लोन. फुकट कोड घेतला तरी रात्रीचा फोन मलाच येतो. माझं म्हणणं एवढंच होतं, ते सोडून तुम्ही मंगळावर गेलात.

तापकीर_गल्ली: दोन बटणांच्या पंपाला आरटीओएस नको, हे मान्य. पुढच्या बोर्डावर काय आहे?

भोसरीकर: मोडबस, जीएसएम मोडेम, डिस्प्ले. चिप तीच. मोडेम उत्तराला कधी दहा सेकंद घेतो, तोवर डिस्प्ले गोठून चालणार नाही. म्हणून... तीन टास्क. फक्त तीन. प्रत्येकी ५१२, शब्द बरं का. आणि तिन्ही जिवंत असतील तरच वॉचडॉगला किक. झालं समाधान?

तापकीर_गल्ली: सहा केबी स्टॅकलाच गेले, वीसमधले. डिस्प्लेचा बफर किती?