२०२५ चा एकच पिक्चर सांगा (सोसायटी ग्रुप, फोंडा, गोवा)

स्नेहा (बी ३०२): पाणी आणि पार्किंग सोडून आज जरा वेगळं. २०२५ मधला तुमचा आवडता पिक्चर कुठला? एकच नाव. आणि का ते पण लिहा, नुसता अंगठा चालणार नाही

रोहन (सी १०१): धुरंधर. विषय संपला

माधुरी वहिनी (ए २०१): साडेतीन तास बसून कंबर धरली रे माझी. मला आता थांबायचा नाय आवडला, मुंबई महापालिकेचे कामगार रात्रशाळेत जाऊन दहावी देतात, खऱ्या घटनेवरचा आहे. भरत जाधव न् सिद्धार्थ जाधव म्हटल्यावर मी नुसतं हसायच्या तयारीने गेले होते, बाहेर आले ती डोळे पुसत

गुरुदास काका (ए १०२): छावा. पण आपल्या फोंड्यावर आता कोणीतरी अख्खा पिक्चर काढायला हवा. १६८३ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय स्वतः फौज घेऊन इथल्या किल्ल्यावर चालून आला होता, संभाजीराजे धावून आले आणि त्याला पळता भुई थोडी झाली

रोहन (सी १०१): काका स्टोरी लिहा तुम्ही, घोडा मी बघतो

स्नेहा (बी ३०२): माझा दशावतार. त्यात दशावतारी नट बाबुली झालेले दिलीप प्रभावळकर पिक्चर आला तेव्हा ८१ वर्षांचे होते हो! एवढा मेकअप, ते जड कपडे, रात्रीचं शूटिंग, आपल्याला दोन जिने चढले की दम लागतो

उदय (सी २०४): दशावतारच. मी पेडण्याचा, जत्रेतला काला, म्हणजे दशावतारी नाटक, बघत वाढलो त्यामुळे थोडा पक्षपात समजा. लहानपणी आम्ही नाटकापेक्षा मागच्या बाजूला जास्त, पेटाऱ्याला आरसा टेकवून तोंडाला रंग लावत बसलेला माणूस, तोंडात विडी, अर्धी मिशी काढून झालेली, आणि आम्हाला बघून मुद्दाम डोळे वटारणार. संकासुर राक्षस आला की पोरं आईच्या पदरात. आणि दशावतारात लिहिलेले संवाद नसतात, आख्यान ठरलं की बाकी सगळं उभ्या उभ्या, समोरच्याने काय टाकलं त्यावर. प्रभावळकरांनी पाठ केलेली वाक्यं तशी आयत्या वेळी सुचल्यासारखी म्हटलीत, मला कौतुक त्याचं, मेकअपचं नंतर

माधुरी वहिनी (ए २०१): किती छान लिहिलंस रे उदय

दिगंबर (बी १०४): नट म्हणून प्रभावळकर एक नंबर, वाद नाही. पण पिक्चरमध्ये खाणवाला म्हटला की राक्षसच, हे जरा सोपं झालं. माझ्या बाबांचा टिप्पर होता, उसगावच्या रस्त्यावर आमची रांगेत वाट बघण्यात रात्र जायची. २०१२ ला खाणी बंद झाल्या, ट्रक दारात उभा आणि बँकेचे हप्ते चालू. मग २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या तेव्हा उरलीसुरली आशा पण गेली. त्या माणसांवर कोण पिक्चर काढणार

उदय (सी २०४): दिगंबरदादा पटतं, पण पिक्चर देवराईच्या बाजूने बोलतो, ट्रकवाल्याच्या विरुद्ध नाही. बाबुलीचा मुलगा पण नोकरीसाठीच खाणीवर जातो की, गरज त्यालाही आहेच. आणि खाणीचा लाल चिखल शेतात उतरला तेव्हा नुकसान झालं ते पण आपल्याच लोकांचं

दिगंबर (बी १०४): ते खरं. विहीर आमची पण गेली. तरी हप्त्याचं दुःख पिक्चरमध्ये दिसत नाही एवढंच म्हणतो

गुरुदास काका (ए १०२): शेवट सांगू नका कोणी, माझा बघायचा आहे

रोहन (सी १०१): काका शेवटी सगळे

स्नेहा (बी ३०२): रोहन!!

अनघा (सी ३०१): उशिरा आले. साबर बोंडं बघितला का कोणी? वडिलांच्या दहा दिवसांसाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा आणि त्याचा बालपणीचा मित्र, दोघांचं प्रेम. सनडान्सला मोठं बक्षीस मिळालं त्याला जानेवारीत. मला त्यातली आई आवडली, तिला सगळं माहीत आहे आणि ती त्याचा गाजावाजा करत नाही. नातेवाईक मात्र सुतकात पण लग्नाचा विषय काढणारच

माधुरी वहिनी (ए २०१): ते आपल्याकडे पण काढतात ग, कावळा शिवायच्या आधी

अनघा (सी ३०१): हा हा. आणि पणजीच्या इफ्फी फिल्म महोत्सवात ‘गोंधळ’ या मराठी पिक्चरसाठी संतोष डावखर यांना दिग्दर्शनाचं रौप्य मयूर बक्षीस मिळालं. पणजी तासाभरावर आणि आपल्या ग्रुपवर तेव्हा चर्चा कशाची, तर लिफ्टची

स्नेहा (बी ३०२): बरं ऐका, मतं दशावतारला जास्त दिसतात. येत्या शनिवारी टेरेसवर लावूया? दिगंबरदादा बाबांना घेऊन या, प्लीज

दिगंबर (बी १०४): आणतो. पण ते मध्येच पॉज करायला लावून खाणीवर भाषण देणार, आधीच सांगून ठेवतो

गुरुदास काका (ए १०२): मग सहालाच सुरू करा