मदत हवी आहे: चार पायांची काठी की एका हाताचा वॉकर?

नमस्कार मंडळी,
आईला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. उजवा पाय अजून ओढतच चालते आणि उजव्या हाताला पकड नाही, त्यामुळे दोन्ही हातांनी उचलायचा वॉकर बादच. फिजिओथेरपिस्टने चार पायांची काठी डाव्या, म्हणजे चांगल्या हातात धरायला सांगितलीय. मूठ मनगटाच्या रेषेशी, कोपर २०-३० अंशांत वाकलेलं, हे सगळं जुळवून घेतलं.

अडचण वेगळीच आहे. आई काठी भराभर टाकायला जाते, चारही पाय एकदम टेकत नाहीत आणि काठी डुगडुगते. उंबऱ्यापाशी तर जास्तच. काठीच्या पायांची रुंद बाजू बाहेरच्या अंगाला आहे, रबरी टोपणंही नवी आहेत. (बाबांचं मत, साधी वाकड्या मुठीची काठी द्या. ते मला पटत नाही.)

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी सांगा: मोठ्या बैठकीची, म्हणजे चारही पाय जास्त पसरलेली काठी घेतल्याने फरक पडला का? की थेट एका हाताचा (एकाच हाताने धरून उचलायचा) वॉकर बरा? तो वळताना आणि अरुंद दारातून जड जातो का? जिन्यावर काय वापरता? फिजिओथेरपिस्टला विचारणारच आहे, पण रोजच्या वापरातला अनुभव हवाय.