पॉर्क्युपाइन माउंटन्सच्या रस्टिक केबिनमध्ये काय न्यावं?

प्रश्न: मिशिगनच्या या स्टेट पार्कात ऑक्टोबरमध्ये चौघं जातोय. केबिनमध्ये नक्की काय मिळतं?

उत्तर १: बंक, गाद्या, टेबल, लाकडं जाळायची शेगडी. वीज नाही, नळ नाही, संडास बाहेर. बऱ्याच केबिनपर्यंत चालतच जावं लागतं. पाठीवर पेलेल तेवढंच घ्या. स्लीपिंग बॅग आणि हेडलॅम्प मात्र हवेतच.

उत्तर २: ओढ्याचं पाणी खळखळून एक मिनिट उकळा. पोकळ नळ्यांचा फिल्टर असेल तर रात्री अंथरुणात घ्या. आतलं पाणी गोठलं की नळ्या तडकतात आणि बाहेरून कळतही नाही.

उत्तर ३: घरचं सरपण कृपा करून नेऊ नका, अ‍ॅश जातीची झाडं मारणारा किडा त्यातूनच पसरतो. पेटवण्याआधी धुराड्याची झडप पूर्ण उघडा, नाहीतर खोलीभर धूर.