मदत हवी आहे: पाइनवुड डर्बीच्या गाडीत वजन कोठे बसवावे?
आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि माझा आठ वर्षांचा मुलगा कब स्काउट्सच्या (लहान मुलांच्या स्काउट पथकाच्या) पाइनवुड डर्बीत प्रथमच उतरणार आहे. १९५३ पासून चालत आलेल्या या शर्यतीत पाइनच्या ठोकळ्यातून कोरलेली गाडी केवळ गुरुत्वाकर्षणाने उतारावरून धावते. वजनाची मर्यादा ५ औंस, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम. टंगस्टन या जड धातूचे तुकडे मागच्या आसाजवळ बसवले, तर गुरुत्वमध्य सुरुवातीला अधिक उंचीवर राहून वेग वाढतो, हे पटते. परंतु पुढची बाजू फार हलकी झाल्यास गाडी डगमगते. गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या १ इंच पुढे ठेवावा की अधिक? आसांचे खिळे घासून ग्रॅफाइट (घर्षण कमी करणारी भुकटी) लावण्याचे काम मुलाच्याच हातून व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, तेव्हा पॉलिशपेपर किती बारीक घ्यावा, हेही कृपया सांगावे.